कच्च्या आहाराचा संकल्प : पूर्वतयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ध्यान, जप किंवा एखाद्या व्रताच्या जोडीने काही दिवस न शिजवलेले अन्न खाण्याचा प्रयोग मुंबईत अनेक जण करतात, आणि त्यातील काही जण दुसरा आठवडा उजाडण्याआधीच पोट धरून डॉक्टरांकडे जातात. बहुतेक वेळा चूक क्रमात झालेली असते. आषाढी एकादशीला संकल्प केला जातो, द्वादशीपासून पालकाचा रस, मोडांची वाटी आणि चिरलेल्या कोबीची थाळी सुरू होते, आणि भाजी कोणत्या पाण्याने धुतली याचा विचार पोट बिघडल्यानंतर सुचतो. पुढील टप्पे याच्या उलट क्रमाने मांडले आहेत. ताटाचा विषय त्यात बराच उशिरा येतो, आणि तो तसाच उशिरा यावा.

टप्पा १ : आधी शरीराची परवानगी

गर्भवती आणि स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, आधीच वजन कमी असलेल्या व्यक्ती, मूत्रपिंडाचे रुग्ण, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेले रुग्ण आणि खाण्याविषयीच्या मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्ती यांनी पूर्ण कच्च्या आहाराचा संकल्प करू नये. मूत्रपिंड दुबळे असेल तर शहाळे आणि केळी यांतील पोटॅशिअमही धोक्याचे ठरते. अशा व्यक्तीने केवळ फलाहाराचा उपवास करायचा असला तरी डॉक्टरांना विचारावे. मुतखड्याचा त्रास झालेल्यांनी कच्च्या पालकाच्या रसापासून दूर राहावे, कारण पालकात ऑक्झलेट हे खडा बनवणारे द्रव्य भरपूर असते आणि रसाच्या रूपाने ते एका वेळी फार मोठ्या प्रमाणात पोटात जाते.

मधुमेहींची अडचण वेगळी आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची मात्रा रोजच्या पोळी-भाताच्या हिशेबाने ठरलेली असते. ताटातून पोळी-भात गेला आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणून औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलणे संकल्पाच्या आधी झाले पाहिजे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनीही हेच करावे, कारण पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व अचानक वाढले की त्या औषधाचा परिणाम कमी होतो.

निरोगी व्यक्तीनेही सुरुवातीला हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम) एवढ्या तपासण्या करून घ्याव्यात. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून मिळत नाही. दूध-दहीही बंद करणार असाल, तर त्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावी लागते. मोड आणल्याने किंवा स्पिरुलिना खाल्ल्याने बी-१२ची गरज भागते, हा समज चुकीचा आहे.

*तपासणी : अहवाल हातात आला का? रोजच्या औषधांविषयी डॉक्टरांशी बोलणे झाले का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तरच पुढे जावे.*

टप्पा २ : संकल्पाचे शब्द कागदावर

धार्मिक संकल्पात काळ, स्थळ आणि कर्म यांचा उच्चार करण्याची पद्धत आहे. तीच शिस्त इथे उपयोगी पडते. किती दिवस, दिवसातील कोणते जेवण, ‘कच्चे’ म्हणजे नेमके काय आणि कोणत्या लक्षणाला थांबायचे, या चार गोष्टी लिहिल्याशिवाय सुरुवात करू नये. ‘जमेल तितके दिवस’ असा संकल्प करणारे दोन टोकांना जातात : एक तर तिसऱ्या दिवशी वडापावच्या गाडीवर दिसतात, नाही तर शरीर नको म्हणत असताना हट्टाने रेटत राहतात.

‘कच्चे’ या शब्दाची हद्द वाटते तितकी सरळ नाही. काटेकोर रॉ फूड पाळणारे साधारण ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापवलेले काहीही वर्ज्य मानतात. तो नियम लावला तर पोहे बाद होतात, कारण साळ भिजवून भट्टीत भाजल्यावरच ती कुटली जाते. काजू बाद होतो, कारण त्याचे कवच फोडण्याआधी त्याला वाफ किंवा भाजणी दिलेली असते. उकळून आटवलेला गूळ आणि पिशवीतले पाश्चराइज्ड दूध तर उघडच बाद होते. पाश्चराइज्ड दूध चालत नाही म्हणून थेट तबेल्यातून निरसे दूध आणून पिणे हा मार्ग कोणीही धरू नये. ब्रुसेलोसिस आणि क्षय यांचे जंतू अशा दुधातून येऊ शकतात. साधनेसाठी हा प्रयोग करणाऱ्याने ‘माझ्या घरात चूल न पेटवता होणारे’ एवढी सोपी व्याख्या घ्यावी, असे माझे मत आहे. या व्याख्येत फोडणी न घातलेले दडपे पोहे बसतात, ताक बसते, आणि साधकाचा वेळ पदार्थांची जात तपासण्यात जात नाही.

थांबण्याच्या अटीही लिहाव्यात : ताप, शौचात रक्त, एका दिवसाहून अधिक टिकणारे जुलाब, उठताना चक्कर, पाळी लांबणे, वजन झपाट्याने उतरणे, किंवा जपाला बसल्यावर सतत जेवणाचेच विचार येणे. शेवटचे लक्षण पुष्कळ जण मनाची दुर्बलता समजून दाबतात. ती बहुधा साधी भूक असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. थांबताना मनाला लागणारी टोचणी कमी करायला तेवढा आधार पुरेसा आहे.

एक गोष्ट व्रतवैकल्यांच्या पुस्तकांत सापडत नाही, पण सांगायला हवी. घरात एकाने संकल्प करायचा आणि त्याच्यासाठी वेगळे चिरणे, किसणे, भिजवणे दुसऱ्या कोणी तरी करायचे, ही पद्धत मुळातच बंद करावी. ज्याचा संकल्प त्याने आपली काकडी स्वतः सोलावी. सुनेच्या किंवा बायकोच्या मानेवर बसून झालेल्या सात्त्विक आहारात सात्त्विक असे फारसे काही उरत नाही.

टप्पा ३ : ऋतू निवडणे

मुंबईत सर्वांत जास्त चुका इथे होतात. चातुर्मास हा व्रतांचा काळ असल्यामुळे कच्च्या आहाराचा संकल्पही आषाढ-श्रावणातच सुचतो. हेच महिने शहरात गॅस्ट्रो, विषमज्वर आणि दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे असतात. चिखलात वाढलेल्या पालेभाज्यांवर मातीचा आणि सांडपाण्याचा अंश अधिक असतो, हवेतील दमटपणामुळे चिरलेले काहीही लवकर खराब होते, आणि आयुर्वेदाच्या ऋतुचर्येनुसार वर्षा ऋतूत जठराग्नी मंद असतो.

परंपरेला हे ठाऊक होते. चातुर्मासाच्या जुन्या नियमांत श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही वर्ज्य सांगितले आहे. शेजारच्या जैन घरांत चातुर्मासात पालेभाजी बंद असते आणि पाणी उकळून प्यायले जाते. म्हणजे ज्या महिन्यांचा दाखला देऊन आपण पालकाचा रस पितो, त्याच महिन्यांनी तो सोडायला सांगितलेला आहे.

सुरुवात मार्गशीर्षात करावी. मार्गशीर्षातील गुरुवार अनेक घरांत पाळले जातातच. त्यांच्या आधाराने आठवड्यातून एक दिवस धरणे सोपे जाते. याच सुमारास लाल गाजर, मुळा, कोवळा मटार, सोलाणे, पेरू, आवळे, बोरे आणि संत्री बाजारात येतात, आणि हेमंतात पचनशक्ती सर्वांत चांगली असते असे आयुर्वेदही सांगतो. माघापर्यंत प्रयोग पूर्ण होईल अशी आखणी करावी.

*इशारा : जून ते सप्टेंबर या काळात संकल्प करायचाच असेल, तर तो केळी, पपई, डाळिंब, मोसंबी, नारळ अशा सोलून किंवा फोडून खाण्याच्या गोष्टींपुरता ठेवावा. कच्ची पालेभाजी आणि कच्चे मोड या चार महिन्यांत वर्ज्य समजावेत.*

टप्पा ४ : पाणी आणि ओटा

मुंबईत बहुतेक ठिकाणी नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. बाकीच्या वेळात जलवाहिनीत दाब नसतो आणि गळक्या जोडांतून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. त्यानंतर ते पाणी सोसायटीच्या टाकीत आणि घरातल्या पिंपात साठते. शिजवण्याच्या अन्नात हा दोष उकळीने निघून जातो. कच्च्या अन्नात तो थेट पोटात जातो. म्हणून पहिली धुणी नळाच्या पाण्याने चालतील, पण शेवटची धुणी पिण्याच्याच पाण्याने झाली पाहिजे, म्हणजे उकळून गार केलेल्या किंवा चांगल्या स्थितीतील फिल्टरच्या पाण्याने. फिल्टरची मेणबत्ती किंवा काडतूस शेवटचे कधी बदलले ते आठवत नसेल, तर संकल्पाच्या आधी बदलून घ्यावे.

सुरी, किसणी आणि चॉपिंग बोर्ड कच्च्या आहारासाठी वेगळे ठेवावेत. घरात मासळी-मटण होत असेल तर हा नियम अपवादाविना पाळावा. विळी वापरणाऱ्यांनी पात्याच्या मुळाशी, जिथे लाकूड आणि लोखंड भेटतात, तिथला साचलेला काळा थर गरम पाण्याने घासून काढावा. ओटा पुसण्याच्या फडक्याने धुतलेली भाजी कधीही टिपू नये. सगळ्या मेहनतीवर पाणी ओतणारे फडके ते हेच.

टप्पा ५ : बाजार

दादरच्या किंवा भायखळ्याच्या मंडईत सकाळी लवकर जावे, आणि संध्याकाळी पाणी मारून टवटवीत दिसणारी जुडी कच्च्या खाण्यासाठी घेऊ नये. रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्यांत नाल्याच्या पाण्यावर पालक, लाल माठ, मुळा यांची शेती होत आल्याचे लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. अशी भाजी कुठून आली हे जुडीकडे पाहून कळत नाही, त्यामुळे जिचा माग सांगता येत नाही ती पालेभाजी शिजवूनच खावी. आंबे-केळी पिकवण्यासाठी कॅल्शिअम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. तरीही सर्वत्र एकसारखा पिवळा आणि देठाशी वास नसलेला आंबा टाळलेला बरा.

काही पदार्थ कितीही शुद्ध असले तरी कच्चे खाऊ नयेत. राजम्यात असलेले लेक्टिन हे विषारी प्रथिन जोरदार उलट्या घडवते आणि ते केवळ उकळूनच नाहीसे होते. राजमा भिजवून किंवा मोड आणून तो खाण्याजोगा होत नाही. वाल, पावटे आणि सोयाबीनही शिजवूनच खावेत. वालाच्या बिरड्याला मोड आलेले असतात म्हणून ती कोशिंबिरीत घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. अळू आणि सुरण यांतील स्फटिकांनी घसा खवखवतो, सुजतोही. हिरवट झालेला बटाटा तर शिजवूनही नको.

दुधीचा रस पिणाऱ्यांसाठी एक वेगळी, न चुकता पाळायची पायरी आहे. प्रत्येक दुधीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून जिभेवर ठेवावा, आणि जराही कडवट लागला तर तो थुंकून पूर्ण दुधी फेकून द्यावा. हा कडूपणा क्युकरबिटेसिन या विषारी द्रव्याचा असतो. त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत आणि त्यावर उतारा नाही. ‘औषध कडूच असते’ असे म्हणून ग्लास संपवणारे लोक इथे जिवाशी खेळतात. दुधीचा रस आवळ्याच्या किंवा कारल्याच्या रसात मिसळला की त्याचा कडूपणा ओळखता येत नाही, म्हणून मिसळूही नये. कडू काकडीलाही हाच नियम लावावा.

*तपासणी : पिशवी ओट्यावर रिकामी करून तीन वाटे करावेत. सोलून खाण्याचे, गुळगुळीत सालीचे आणि पाल्याचे. टप्पा ६ आणि टप्पा ८ या वाट्यांवर अवलंबून आहेत.*

टप्पा ६ : धुणे

सोलून खाण्याचे फळही धुवावे, कारण सुरी सालीवरची घाण गरात नेते. कलिंगड आणि पपई यांच्या बाबतीत हे हमखास विसरले जाते. काकडी, टोमॅटो, पेरू, गाजर ही फळे-भाज्या वाहत्या पाण्याखाली हाताने किंवा मऊ ब्रशने चोळावीत. साबण, डिटर्जंट किंवा भांडी घासण्याचा द्रव वापरू नये. सालीच्या छिद्रांत तो शिरतो आणि धुऊन पूर्ण जात नाही.

पाल्याची धुलाई सविस्तर सांगतो. कोथिंबिरीची जुडी बांधलेल्या दोऱ्यासकट नळाखाली धरून हलवणे म्हणजे धुणे नव्हे. दोरा सोडावा, पिवळी पाने आणि मुळांकडचा दोन बोटे भाग काढून टाकावा, आणि मोठ्या पातेल्यात पाणी भरून त्यात काड्या मोकळ्या सोडाव्यात. हाताने वर-खाली करून पाच मिनिटे तशाच ठेवाव्यात, म्हणजे वाळू तळाशी बसते. आता पाणी ओतायचे नाही. ओतले तर तळाची वाळू पुन्हा पानांवर येते. काड्या हातांनी वर उचलून चाळणीत काढाव्यात, मग पातेले धुवावे. तळाशी वाळूचा एक कणही दिसत नाही तोपर्यंत हे पुन्हा करावे. पावसाळा संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत तीन-चार पाणी सहज लागतात. त्यानंतर बाजारात मिळणारे, भाज्यांसाठीच बनवलेले क्लोरीनचे द्रावण पाकिटावरील मात्रेप्रमाणे पाण्यात घालून सांगितलेला वेळ पाला भिजवावा, पिण्याच्या पाण्याने धुवावा आणि स्वच्छ कोरड्या पंचावर पसरून पाणी निथळू द्यावे. ओला पाला फ्रिजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी चिकट होतो.

मिठाच्या पाण्याने अळ्या सुटतात, जंतू मरत नाहीत. व्हिनेगरने जंतूंची संख्या कमी होते, संपत नाही. या दोन्ही उपायांवर लोकांचा विश्वास गरजेपेक्षा जास्त आहे.

कोबीचे काय, हा प्रश्न नेहमी येतो. फितकृमीची अंडी दूषित पाण्यातून आणि मातीतून कोणत्याही कच्च्या भाजीवर येऊ शकतात आणि मेंदूपर्यंत पोहोचल्यास फिट्स येतात, हे खरे आहे. कोबीत पानांच्या घड्यांमुळे ती धुणे अवघड जाते एवढेच. बाहेरची तीन-चार पाने टाकून, आतले प्रत्येक पान सुटे करून धुण्याची तयारी नसेल तर कोबी कच्चा खाऊ नये. नवशिक्याने तो पहिल्या महिन्यात आणूच नये.

टप्पा ७ : मोड

मोडांना कच्च्या आहारात ‘जिवंत अन्न’ म्हणून फार मान आहे. अडचण अशी की उबदार, दमट कापडात मूग जितक्या आनंदाने वाढतो तितक्याच आनंदाने साल्मोनेला आणि ई. कोलाय हे पोट बिघडवणारे जंतूही वाढतात, आणि ते बहुधा दाण्याच्या बारीक भेगांत आधीपासूनच असतात. म्हणून हा टप्पा धुण्यानंतर ठेवला आहे.

मूग किंवा मटकी निवडून फुटके, सुरकुतलेले दाणे काढावेत, तीन पाण्यांनी धुवावेत आणि पिण्याच्या पाण्यात आठ तास भिजवावेत. भिजवलेले पाणी फेकून द्यावे, पुन्हा धुवावे आणि उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या सुती फडक्यात सैलसर बांधावे. पुरचुंडी चाळणीत ठेवावी म्हणजे खाली पाणी साचत नाही. घट्ट बांधून डब्यात कोंबलेले मोड आंबतात. दर सहा-आठ तासांनी फडके सोडून दाणे धुवावेत. मुंबईच्या उकाड्यात बारा तासांत मोड दिसू लागतात, डिसेंबर-जानेवारीत दिवस-दीड दिवस लागतो. मोड दाण्याएवढा लांब झाला की लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. आंबूस वास, चिकट स्पर्श किंवा तपकिरी टोके दिसली तर धुऊन वापरण्याचा विचारही करू नये.

माझा सल्ला असा की मोड उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढावेत. त्याने जंतू कमी होतात, पूर्ण जात नाहीत. पण संकल्पाच्या शुद्धतेपेक्षा आतड्याची शुद्धता पाहावी. ज्येष्ठ नागरिकांनी मोड पूर्ण वाफवूनच घ्यावेत.

टप्पा ८ : ताटात शिरकाव

आपल्या ताटाची डावी बाजू, म्हणजे कोशिंबीर, चटणी, लिंबू, पूर्वीपासूनच बरीचशी कच्ची आहे. तिथूनच वाढत जावे.

पहिले दोन आठवडे फक्त न्याहारी कच्ची घ्यावी आणि तीही पहिल्या वाट्यातली, म्हणजे सोललेली फळे, ओले खोबरे आणि रात्री भिजवलेले शेंगदाणे किंवा बदाम. कुजका, काळपट किंवा कडू शेंगदाणा टाकून द्यावा, त्यावरची बुरशी यकृताला घातक असते. तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या जेवणाआधी गुळगुळीत सालीच्या भाज्यांची मोठी वाटी घ्यावी. पाला चौथ्या आठवड्यात, मोड त्याच्याही नंतर. एका वेळी एकच नवा पदार्थ आणून दोन दिवस थांबावे, म्हणजे पोट बिघडल्यास दोषी कोण ते कळते.

उपासमार हीच इथली मोठी चूक आहे. काकडी, टोमॅटो, गाजर यांची ३०० ग्रॅमची भरगच्च थाळी जेमतेम ७५ कॅलरी देते. पोट भरल्यासारखे वाटते आणि तासाभरात हात थरथरू लागतात. त्याउलट दोन मध्यम केळी, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि ५० ग्रॅम ओले खोबरे मिळून साडेपाचशेच्या आसपास कॅलरी होतात. कोशिंबिरीला शेंगदाण्याचे कूट आणि खोबरे सढळ हाताने घालण्याची आपली पद्धत इथे कामी येते. लोह शोषले जावे म्हणून लिंबू किंवा आवळा जोडीला असावा, आणि चहा घेत असाल तर जेवणानंतर तासभर तरी थांबावे.

चहा एकदम तोडू नये. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोके ठणकू लागते आणि हे आठवडाभर चालू शकते. शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत असल्याची खूण म्हणून काही जण या डोकेदुखीचे स्वागत करतात. ती कॅफीन तुटल्याची डोकेदुखी आहे. पंधरा दिवस आधीपासून कप अर्धा-अर्धा करत आणावा.

ऑफिसला जाणाऱ्यांनी डब्यात अख्खे नेता येईल तेच न्यावे : केळी, संत्री, पेरू, न चिरलेली काकडी, भिजवलेले दाणे. सकाळी सातला विरारहून निघालेली चिरलेली पपई दुपारी एकला चर्चगेटला खाण्याजोगी राहिलेली नसते. चिरलेले अन्न फ्रिजबाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, मे महिन्याच्या उकाड्यात तर तासभरही पुष्कळ झाला. मीठ घातले की पाणी सुटते, म्हणून मीठ-लिंबू खाताना घालावे. स्टेशनबाहेरची चिरलेल्या फळांची प्लेट आणि बर्फ घातलेला रस या संकल्पात बसत नाहीत.

*इशारा : पोट फुगणे आणि वारंवार वायू सरणे पहिल्या आठवड्यात स्वाभाविक आहे. दहा दिवसांनंतरही ते तसेच असेल, तर प्रमाण निम्मे करावे आणि तिथेच थांबावे. संपूर्ण दिवस कच्चा करण्याची घाई कोणालाही नसावी. रोज एक जेवण कच्चे आणि एक गरम मुगाची खिचडी, एवढ्यावर महिनाभर राहणारा साधक माझ्या मते योग्य मार्गावर आहे.*

टप्पा ९ : साधनेची जोड

जेवणाआधी श्लोक म्हणून दोन मिनिटे शांत बसावे आणि कच्चे जेवण मौनात घ्यावे. हे केवळ भक्तीसाठी नाही. कच्च्या गाजराला शिजवलेल्या गाजरापेक्षा बरेच जास्त चावावे लागते, आणि मोबाइल समोर असला की ते अर्धवट गिळले जाते, मग पोट दुखते. घास तोंडात पूर्ण मऊ झाल्याशिवाय पुढचा घास हातात घेऊ नये. या एका नियमावर लक्ष ठेवणे ही नवशिक्यासाठी पुरेशी साधना आहे.

ध्यान जेवणाआधी करावे किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. रात्री नऊनंतर घरी पोहोचणाऱ्यांनी रात्रीचे जेवण हलके आणि गरम ठेवावे, कारण थाळीभर कच्चे खाऊन लगेच झोपले की पहाटेच्या बैठकीला पोट जड राहते. रोज रात्री तीन ओळी लिहाव्यात : झोप कशी झाली, पोट कसे होते, बैठकीत मन किती टिकले. ‘हलके वाटले’ एवढेच लिहू नये. त्या शब्दात भुकेची गुंगीही बसते. घरातल्यांना आठवड्यातून एकदा विचारावे की चिडचिड वाढली का. या प्रश्नाचे खरे उत्तर स्वतःजवळ मिळत नाही.

दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणे सुरू झाले, तर तेही वहीत नोंदवावे.

टप्पा १० : उद्यापन

संकल्पाचा शेवटचा दिवस आला म्हणून त्या रात्री पुरणपोळी, मिसळ किंवा बाहेरचे जेवण यांवर तुटून पडू नये. पहिला घास जितका जपून घेतला होता तितकेच पारणेही जपून करावे. पहिल्या दिवशी मऊ भात, साधे वरण आणि तूप. दुसऱ्या दिवशी वाफवलेली भाजी आणि ज्वारीची भाकरी. तिखट आणि तळलेले चौथ्या दिवसानंतर. फळे आणि कोशिंबीर या काळात एकदम बंद न करता निम्म्यावर आणावीत, नाही तर बद्धकोष्ठ होते. बंद केलेले किंवा कमी केलेले औषध स्वतःहून पूर्ववत करू नये, डॉक्टरांना विचारूनच करावे. संकल्प तीन महिने चालला असेल तर पहिल्या टप्प्यातील रक्ततपासण्या पुन्हा कराव्यात, दोन्ही अहवाल शेजारी ठेवून बी-१२ आणि फेरिटिनचे आकडे पाहावेत, आणि ते खाली आले असतील तर पुढच्या मार्गशीर्षापर्यंत दुसरा संकल्प करू नये.